मनगट धरू द्यायचं

मी परिचारिका आहे. धुळ्यात नोकरी करून एकोणीस वर्षं झाली. २०२२ च्या पावसाळ्यात रात्रपाळीला एका पेशंटच्या नातेवाइकाने माझं डावं मनगट धरून पिरगळलं. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात होते आणि त्याला ते आत्ताच्या आत्ता हवे होते, एवढंच कारण. मी हात मागे ओढला, त्याने आणखी आवळला. मी जितकं ओढत गेले तितका तो माझ्या अंगावर येत गेला. वॉर्डबॉय धावत येईपर्यंत घड्याळाचा पट्टा तुटून मनगटात रुतला होता. वर सांगितलं तर "सिस्टर, जरा सांभाळून घ्या" एवढं उत्तर मिळालं.

सूज दहा दिवसांत उतरली. पण नंतर कुणी नुसतं गोळी कधी घ्यायची हे विचारायला जवळ आलं, तरी माझा हात छातीशी जाऊ लागला. आमचं सगळं काम हाताचं. ताप बघायचा, कूस बदलायची, सुई लावायची, आधार देऊन उठवायचं. त्या हातालाच माणसाची भीती बसली तर नोकरी कशी करायची? याचं मला फार वाईट वाटत होतं.

दिवाळीनंतर मी ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, शिकायला गेले, ते खरं तर झोप लागावी म्हणून. देवपूरला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर पांझरेच्या काठी मोकळी जागा आहे. तिथे सकाळी सहाला एक निवृत्त सर शिकवतात. मूळचे आपल्याच भागातले, नोकरीनिमित्त पुण्यात होते, तिथे अनेक वर्षं यांग पद्धतीची ताई ची शिकले. सहा-सात जण येतात, बहुतेक साठीच्या पुढचे, गुडघ्यांसाठी नाहीतर रक्तदाबासाठी. मारामारीचा विषयही निघत नसे.

पहिले दोन महिने फक्त उभं राहणं आणि चालणं. उभं राहणं म्हणजे गुडघे किंचित मोडलेले, माकडहाड खाली सोडलेलं, खांदे सैल, डोक्याचा मधला भाग वरून दोरीने टांगल्यासारखा. चालणं म्हणजे पाऊल टेकवायचं, पण सगळं वजन त्यावर जाईपर्यंत मागचा पाय उचलायचा नाही. दहा मिनिटांत मांड्या पेटायच्या. मग एकेक हालचाल आली. त्यांची नावं मला फार आवडली: रानघोड्याची आयाळ विंचरणं, पांढरा बगळा पंख पसरतो, ढगांसारखे हात, माकडाला मागे सारणं. आम्ही शिकत होतो तो २४ हालचालींचा संच चीनच्या क्रीडा विभागाने १९५६ मध्ये बसवला, सर्वसामान्य माणसाला जमावा म्हणून. जुने संच याहून पुष्कळ लांब आहेत.

फेब्रुवारीत एका सकाळी मी विचारलं, "सर, हे मारामारीत चालतं का हो?"

सर थांबले. म्हणाले, "ही मारामारीच आहे ताई. आपण ती हळू करतो, इतकंच."

त्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी आम्हाला पूर्वपीठिका सांगितली. चीनच्या हनान प्रांतात वन नावाच्या तालुक्यात चेन घराण्याचं गाव आहे. सतराव्या शतकात तिथल्या चेन वांगतिंग नावाच्या योद्ध्यापासून ही विद्या चालत आली असं मानतात. घराण्याबाहेरच्या यांग लूछान याने ती चेन छांगशिंग यांच्याकडून घेतली आणि एकोणिसाव्या शतकात बीजिंगला नेली. तिथे त्याने मांचू सरदारांना आणि राजवाड्याच्या पहारेकऱ्यांना शिकवलं. पहारेकरी काही गुडघ्याच्या औषधासाठी शिकत नव्हते. त्याचा नातू यांग छंगफू (१८८३ ते १९३६) याने उड्या, आघात, झटके कमी केले, सगळं संथ आणि मोठ्या घेराचं केलं, आणि तेच जगभर गेलं. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण आतला गाभा लढाईचाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला पुढे बोलावलं. "माझं मनगट धरा. त्या माणसाने धरलं होतं तसं."

मी धरलं. चांगलं जोर लावून धरलं. त्यांनी ओढलं नाही. धरलेला हात माझ्या मुठीत तसाच राहू दिला, क्षणभर थोडा पुढेच दिला. मग तळहात आकाशाकडे वळला, एक पाय मागे गेला, कंबर वळली आणि माझ्या मुठीतून त्यांचा हात निघून त्यांच्या कुशीपाशी गेला. त्याच वेळी त्यांचा दुसरा तळवा माझ्या हनुवटीसमोर येऊन थांबला होता. "हे माकडाला मागे सारणं. रोज करता तुम्ही."

खरंच, रोज करत होते मी. शंभर वेळा केलं असेल. पण कुणी मनगट धरलेलं नसताना ते मला कळलंच नव्हतं.

हे नीट सांगते, कारण सगळं मर्म इथे आहे. कुणीही मूठ आवळली की चार बोटं एका बाजूने आणि अंगठा दुसऱ्या बाजूने येतो. जिथे अंगठ्याचं टोक बोटांना भेटतं तिथे मूठ सगळ्यात कमजोर असते. आपलं मनगट चपटं आहे, रुंद बाजू आणि अरुंद बाजू. तळहात वर फिरवला की अरुंद धार बरोबर त्या फटीकडे येते. मग हाताने ओढायचंच नाही. कोपर अंगाजवळ ठेवून कंबर वळवायची, हात कंबरेबरोबर आपोआप जातो. समोरच्याच्या अंगठ्याला आपल्या सगळ्या अंगाचं वजन थोपवावं लागतं, आणि अंगठ्याला ते झेपत नाही. मी पावसाळ्यात काय केलं होतं? दंडाच्या जोराने सरळ मागे ओढलं होतं, म्हणजे त्याच्या चार बोटांशी झुंजत होते. आणि माझ्या ओढण्यानेच त्याला माझ्या अंगावर यायची वाट मिळाली होती.

त्या महिन्यात दर रविवारी मी माहेरी जायला लागले. साक्री तालुक्यात, पांझरेवरच आमचं गाव आहे. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी ते तालमीत होते, पंचक्रोशीतल्या जत्रांच्या कुस्त्या खेळले. मी अंगणात सराव करत होते आणि नाना खाटेवर बसून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाई काय हवाले ढकली ऱ्हायनी वं? मानूस कोठे शे?"

मी त्यांना आयाळ विंचरून दाखवली. एक हात खालून वर तिरका जातो, दुसरा खाली येतो, पुढचं पाऊल पडतं, कंबर वळते. नाना उठले. माझ्यासमोर उभे राहिले आणि स्वतःचा हात माझ्या हातात दिला. "कर आते."

माझा खालचा हात त्यांच्या मनगटावर होता. पाऊल पडलं ते त्यांच्या पुढच्या पायामागे. वर जाणारा हात त्यांच्या काखेखालून छातीवर आडवा गेला. कंबर वळवायला घेतली आणि मला कळलं की आणखी चार बोटं वळले तर नाना माझ्या मांडीवरून पाठीमागे जातील. मी थांबले. नानांचा चेहरा उजळला होता. "हाई तं बाहेरली टांग शे!"

तेव्हापासून नाना माझे दुसरे गुरू झाले. त्यांनी ताई चीचं नावही नीट उच्चारलं नाही कधी, पण अंगात काय चुकतंय हे त्यांना लगेच दिसायचं. माझा दोष एकच होता: हात पुढे जायचे आणि कंबर मागे राहायची. "तुनी कंबर झोपेल शे," नाना म्हणायचे. मी कितीही प्रयत्न केला तरी ते सुधारेना. शेवटी त्यांनी ओसरीवरच्या जात्याकडे बोट दाखवलं. "जातं कसं फिरस?"

आई होती तोवर कळण्याच्या भाकरीचं पीठ घरीच दळायची, ज्वारी आणि उडीद. लहानपणी मी तिच्यासमोर बसून खुंट्याला हात लावला आहे. हाताने फिरवलं तर पायलीभर दळण होईपर्यंत खांदा गळून जातो. आई कमरेपासून झुकून, वळून दळायची. हात फक्त खुंट्याला अडकवलेला असायचा. मी त्या दिवशी खरंच जात्याशी बसले, रिकामं जातं फिरवलं, आणि उठून ढगांसारखे हात केले. दोन्ही हात छातीसमोरून आळीपाळीने आडवे फिरतात, एका बाजूने आलेला ठोसा कलता करतात, मग दुसऱ्या बाजूचा. पहिल्यांदा ते हात माझे नव्हते, कंबरेचे होते. नाना एवढंच म्हणाले, "आते उठनी."

एप्रिलपासून सरांनी दोघा-दोघांचा सराव सुरू केला. चिनीत त्याला तुई शौ म्हणतात, ढकलते हात. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं, आणि ते सुटू न देता एकाने दाबत यायचं, दुसऱ्याने ते वळवून परत पाठवायचं. यात चार गोष्टी येतात: पंग, ल्यू, जी, आन. 'चिमणीची शेपटी धरणं' या पहिल्या लांब हालचालीत त्या याच क्रमाने आहेत.

पंग म्हणजे हात गोल आणि भरलेला ठेवायचा. ताठ नाही, ढिला नाही. विहिरीत पोहायला शिकताना आपण ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब घेतो ना, तिच्यावर दाब दिला की ती दबते, पण आत घेत नाही, तसं. ल्यू म्हणजे समोरचा ढकलत आला की एक हात त्याच्या मनगटावर, दुसरा कोपराजवळ, आणि मागच्या पायावर बसून कंबर वळवायची. त्याचा जोर आपल्या शेजारून निघून जातो. त्याला तोल जातोय हे कळलं तर तो मागे खेचणार. तेव्हा जी: त्याच्या खेचण्याबरोबरच पुढे जाऊन आडव्या हाताने दाबायचं. आणि आन, दोन्ही तळव्यांनी खाली बसवत पुढे लोटणं. अशा आणखी चार, छाय, लिए, झोउ, काओ, म्हणजे खाली हिसकणं, फाडणं, कोपर आणि खांदा. त्या सरांनी मला दाखवल्या, पण माझ्या अंगात अजून त्या नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

मी मात्र तुई शौमध्ये दीड महिना अडकून पडले. समोरच्याने दाबलं की माझा दंड आपोआप कडक व्हायचा. सर म्हणत, "सोंग, सोंग." सैल व्हा. आता सैल हो म्हटल्याने कोण सैल होतं? पावसाळ्यातली ती रात्र माझ्या दंडात बसलेली होती.

मे महिन्यातली गोष्ट. ऊन चव्वेचाळीसच्या घरात, वॉर्डात उष्माघाताचे पेशंट. एका आजींची नाडी बघत होते. अंग गळून गेलेलं, नाडी अगदी बारीक. तीन बोटं मनगटावर ठेवली, लागेना. बोटं दाबली, तर होती तीही नाहीशी झाली. नवशिक्या मुलींना मी हेच तर शिकवते: दाबू नका, दाबलं की नाडी बुजते, बोट नुसतं टेकवा, आणि तिला बोटापर्यंत येऊ द्या. मी बोटं हलकी केली आणि आजींची नाडी आली. तेव्हाच मनात आलं की सर 'थिंग जिन' म्हणतात, ऐकण्याची ताकद, ती हीच. मला ती इतकी वर्षं येत होती!

दुसऱ्या दिवशी तुई शौला मी समोरच्या काकांच्या मनगटाला नाडी बघतात तसा हात लावला. काकांनी दाबायला सुरुवात केली, त्याच्या आधी मला कळलं. खरंच आधी. दाबण्यापूर्वी माणसाचा खांदा किंचित वर येतो, मागची टाच घट्ट होते, आणि ते मनगटाच्या कातडीपर्यंत पोहोचतं. तुमचा हात कडक असेल तर ते तुमच्या स्वतःच्या ताठरपणात बुडून जातं. म्हणून सैल राहायचं. सैल होण्यात नम्रपणा, शांती वगैरे जे काही लोक सांगतात ते असेल, पण लढाईच्या दृष्टीने त्याचं कारण इतकं साधं आहे. हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. कदाचित तेव्हा कळलंही नसतं.

नानांना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. कुस्तीत सलामी झडल्यावर खडाखडी होते, पैलवान एकमेकांचे हात, मनगटं, मान चाचपत फिरतात, तेव्हा ते हेच शोधत असतात. लोकांना वाटतं अजून कुस्ती लागली नाही. नाना म्हणाले की कुस्ती तिथेच अर्धी होते.

मग आम्ही खाटेचा सराव सुरू केला. नानांना या वयात पाडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी खाट मागे घेतली आणि तिच्यापुढे उभे राहिले. ते माझं मनगट धरणार, मी ल्यू करणार, ते मागे खेचणार, मी त्यांच्याबरोबर जाऊन त्यांना खाटेवर बसवणार. पाडायचं नाही, बसवायचं. हे पाडण्यापेक्षा अवघड निघालं. पाडताना शेवटी हात सोडून देता येतो. बसवताना माणसाचं वजन खाटेवर टेकेपर्यंत सांभाळावं लागतं. वर्षभर रविवारी दहा-पंधरा वेळा आम्ही हे करत होतो. घराबाहेरची पोरं कुंपणावर बसून बघायची.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, पहाटे अडीचच्या सुमारास, एक पेशंट पलंगावरून उठून उभा राहिला. रोज दारू पिणारा माणूस दुसऱ्या आजारासाठी भरती होतो, दारू एकदम बंद होते, आणि शेवटच्या घोटापासून साधारण दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. अंग थरथरतं, घाम फुटतो, नसलेले किडे दिसतात. हा तिसरा दिवस होता. त्याने सलाईनची सुई उपटून टाकली होती आणि भिंतीवरून काहीतरी झटकत होता. मी दुसऱ्या सिस्टरला हाक मारली, डॉक्टरांना बोलवायला सांगितलं, आणि त्याच्या जवळ गेले. त्याने माझं डावं मनगट धरलं.

तेच मनगट.

मी ओढलं नाही. हात गोल झाला, भरला. त्याच्या मुठीतून सगळं कळत होतं: तो मला मारायला आला नव्हता, बुडणारा माणूस धरतो तसं धरत होता. तो माझ्या अंगावर झुकला तेव्हा माझा उजवा हात त्याच्या कोपराजवळ गेला आणि मी मागच्या पायावर बसून वळले. तो माझ्या शेजारून अर्धं पाऊल पुढे आला, दचकला आणि मागे खेचला. मी त्या खेचण्याबरोबर गेले. माझा आडवा हात त्याच्या छातीवर होता, त्याच्या पायांची मागची बाजू पलंगाच्या कडेला लागली, आणि तो बसला. धाडकन नाही, खाटेवर नाना बसतात तसा. मग मी तळहात वर फिरवून हात सोडवला असता, पण सोडवला नाही. त्याच्या मुठीतच ठेवला आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं त्याच्या मनगटावर टेकवली. नाडी १२८ होती. "दादा, मी सिस्टर आहे. इथेच आहे," असं म्हणत राहिले. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, सगळं मिळून सात-आठ मिनिटं गेली असतील. त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता, माझ्याही नाही.

हे वाचून कुणी दोन महिने ताई ची करून स्वतःला सुरक्षित समजू नये, ही कळकळीची विनंती आहे. चार माणसं अंगावर आली तर ल्यू आणि जी काही कामाचे नाहीत. तेव्हा मागे दार कुठे आहे ते आधीच बघून ठेवलेलं असावं, आणि मोठ्याने हाक मारावी. आणि नंतर गप्प बसू नये. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे, त्यात परिचारिकाही येतात, आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २०२२ मध्ये मला हे नीट माहीत असतं तर मी 'सांभाळून घ्या' ऐकून परत आले नसते.

मला ताई चीतली लढाई आवडली ती एवढ्यासाठी, की मला धरणारा माणूस बहुतेक वेळा आजारी असतो, नाहीतर आजाऱ्याच्या काळजीने वेडा झालेला असतो. त्याचं बोट मोडून मला काही मिळवायचं नसतं. त्याचा जोर कुठून येतोय हे कळलं, की मोडण्याची गरजच फार कमी वेळा उरते.

पुढच्या रविवारी नानांना सगळं सांगितलं. त्यांनी खाट बाहेर काढायला लावली. मी पेशंट झाले, नाना मी झाले, मग उलट. त्यांनी मला तीन वेळा करायला लावलं आणि तिसऱ्यांदा माझ्या पायाकडे बघत थांबले. माझा उजवा पाय फार पुढे पडत होता. पेशंट आणखी धिप्पाड असता तर माझाच तोल गेला असता. नानांनी चंचीतला चुना बोटावर घेतला, वाकून जमिनीवर रेघ मारली.

"पाय मांगे ले. आनखी जराखा."

मी रेघेवर पाय ठेवला आणि त्यांनी पुन्हा मनगट धरलं.